‘थालिया’ नाव ठेवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मुलींच्या नावांची धाटणी झपाट्याने बदलते आहे. मंगला, सुरेखा, रत्ना कधीच मागे पडल्या. त्यांच्यानंतर पूजा, अश्विनी, कोमल येऊन गेल्या. आता बारशाच्या पत्रिकेवर कियारा, मायरा, झोई, थिया, थालिया अशी नावं छापून येतात आणि शेजारी ‘मूळ ग्रीक’ असा अर्थही दिलेला असतो. लेकीसाठी आईबापांनी हौसेने वेगळं नाव शोधावं, यात आम्हाला आनंदच वाटतो. काळजी वेगळीच आहे. मोबाईलवरच्या यादीतला अर्थ कोणी तपासून घेत नाही. मराठीत आणि इंग्रजीत नाव कसं लिहायचं हे घरात ठरण्याआधीच ते जन्मनोंदीत चढतं, आणि दहावीचा फॉर्म भरायची वेळ येते तेव्हा मुलीच्या तीन कागदांवर तीन नावं निघतात. आमच्यापैकी एकाचं काम जन्मनोंदणीचं, दुसऱ्याचं भाषा शिकवण्याचं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘थालिया’ हे एकच नाव मुख्यतः धरतो, कारण ते खरोखर दुर्मीळ आहे, अर्थाने चांगलं आहे आणि नीट हाताळलं तर मराठीत सहज बसतं.

आधी अर्थ. प्राचीन ग्रीकमध्ये ‘थाल्लो’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ फुटणं, बहरणं, हिरवंगार वाढणं. त्याच धातूवरून ‘थाल्लोस’ म्हणजे कोवळा फुटवा, विशेषतः ऑलिव्हची कोवळी डहाळी. रावेर-यावलकडच्या माणसाला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत: केळीचा घड कापून झाला की कंदातून जोमाने वर येणारा पील, तो थाल्लोस. याच कुळातलं विशेषण ‘थालेइआ’, म्हणजे बहरलेली, भरभरून असलेली. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात हे विशेषण मेजवानीला लावलेलं सापडतं. भरगच्च, कशाची कमतरता नाही अशी पंगत. तेव्हा ‘थालिया’चा अर्थ ‘बहरणारी’ किंवा ‘भरभराटीची’ असा द्यावा. काही याद्यांत ‘फूल’ एवढंच लिहिलेलं असतं. ते पूर्ण चूक नाही, पण तोकडं आहे. ग्रीकमध्ये फुलाला ‘आन्थोस’ म्हणतात आणि त्यावरून ‘आन्थिया’ हे वेगळं नाव आहे.

या नावाच्या पुराणातल्या व्यक्ती एकापेक्षा अधिक आहेत आणि याद्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. इ. स. पूर्व ७०० च्या सुमाराचा कवी हेसिऑड याने देवांचा राजा झ्यूस आणि स्मृतिदेवता नेमोसिनी यांच्या नऊ मुली सांगितल्या आहेत. त्या कलांच्या नऊ देवता, म्हणजे म्यूझ. त्यांतली एक थालिया. पुढच्या काळात तिच्याकडे सुखान्त, हसवणारी नाटकं आणि ग्रामीण जीवनाची गाणी आली. शिल्पांत ती हातात हसरा मुखवटा, डोक्यावर आयव्हीच्या वेलीचं कडं आणि कधी मेंढपाळाची काठी घेऊन दिसते. त्याच हेसिऑडने सौंदर्य आणि आनंदाच्या तीन बहिणी दिल्या आहेत: अग्लेइया, युफ्रोसिनी आणि थालिया. ही दुसरी थालिया. होमरच्या ‘इलियड’च्या अठराव्या सर्गात समुद्रकन्यांची लांबलचक नामावली आहे, तीतही एक थालिया येते. म्हणून पत्रिकेवर ‘हास्यनाट्याची देवता’ असं छापायचं तर म्यूझ थालिया आणि ‘बहर व आनंदाची देवी’ म्हणायचं तर दुसरी. दोन्ही चालतील. फक्त ‘ग्रीक सौंदर्यदेवता थालिया’ असं सरसकट लिहू नये, कारण सौंदर्याची मुख्य देवता ॲफ्रोडाइटी आहे.

याच धातूचे दोन शब्द आपल्या अकरावी-बारावीच्या विज्ञानाच्या मुलांना रोज भेटतात. शैवालासारख्या मूळ, खोड, पान असा भेद नसलेल्या वनस्पतींच्या शरीराला थॅलस म्हणतात आणि त्यांच्या गटाला थॅलोफायटा. दुसरा शब्द थॅलियम, हा धातू. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांना १८६१ मध्ये वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसली. त्या कोवळ्या हिरव्या रंगावरून त्यांनी हे नाव दिलं. थॅलियम विषारी आहे, हे पुढे कोणीतरी मुलीला सांगणारच. तेव्हा नावाचं मूळ त्या हिरव्या रेषेत आहे, विषात नाही, हे तिच्या घरच्यांना ठाऊक असलेलं बरं. आणि थालिया नावाची पाणवनस्पती आहे म्हणून ‘एका फुलझाडाचं नाव’ असा अर्थ देणारे चुकतात. त्या वनस्पतीला ते नाव सोळाव्या शतकातल्या योहानेस थाल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञावरून मिळालं आहे. देवतेशी तिचा संबंध नाही.

सगळ्यात मोठी गल्लत होते ती ‘तालिया’शी. रोमनमध्ये टी, ए, एल, आय, ए असं एच वगळून लिहिलेलं नाव बहुतेक ठिकाणी हिब्रू धरलं जातं. ‘ताल’ म्हणजे दव आणि ‘या’ हे ईश्वराचं रूप, म्हणून ‘ईश्वराचं दव’. अर्थ तोही सुरेख, पण नाव निराळं. स्पॅनिशमध्ये थ नसल्याने ग्रीक नावही तिकडे ‘तालिया’ असंच उच्चारलं आणि बरेचदा लिहिलंही जातं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. आपल्यापुरता नियम सोपा आहे: अर्थ ‘बहरणारी’ हवा असेल तर एच सोडायचा नाही.

‘थिया’ हे आणखी एक नाव सध्या फार ऐकू येतं, त्याबद्दल थोडं. यादीत त्याचा अर्थ ‘देवी’ असतो. ग्रीकमध्ये देवी म्हणजे ‘थेआ’, आघात शेवटच्या स्वरावर. आघात पहिल्या स्वरावर आणला की ‘थेआ’चा अर्थ दृश्य, देखावा. आणि ‘थिया’ असा उच्चार केला तर आजच्या ग्रीकमध्ये त्याचा अर्थ आत्या, मावशी, काकू, मामी. पुराणात थिया नावाची एक आदिदेवता आहे, सूर्य, चंद्र आणि उषा यांची आई, त्यामुळे नाव निराधार मुळीच नाही. पण ‘थिया म्हणजे देवी, आपल्या ‘देव’ शब्दाचंच ग्रीक रूप’ हे जे सांगितलं जातं, ते चूक आहे. ग्रीक ‘थेओस’ आणि संस्कृत ‘देव’ यांचं मूळ एक नाही. आपल्या ‘द्यौस्’ आणि ‘देव’शी नातं आहे ते ‘झ्यूस’ या नावाचं.

आता, ‘थ’वरूनच लोक या नावांकडे का वळतात? कारण पंचांग. उत्तरा भाद्रपदाच्या चार चरणांची अक्षरं दू, थ, झ, ञ. दुसऱ्या चरणावर मुलगी झाली की आद्याक्षर ‘थ’ येतं, तिसऱ्यावर ‘झ’. मराठीत ‘थ’वरून मुलीचं ठेवावं असं नाव आठवून पाहा, एकही चटकन सुचत नाही. मग शोध सुरू होतो आणि थिया, थालिया, झोई, झेनिया हाती लागतात. याबाबत दोन गोष्टी. एक, जन्मनोंदीला अक्षराचं कोणतंही बंधन नाही. राशीचं नाव आणि व्यवहाराचं नाव वेगळं ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे, तेव्हा केवळ अक्षरासाठी न आवडणारं नाव घेण्याची गरज नाही. दोन, ज्यांना शास्त्र पाळायचंच आहे त्यांच्यासाठी थालिया उलट चांगलंच बसतं. पारस्कर गृह्यसूत्रात मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त असावं असं म्हटलं आहे. था-लि-या: तीन अक्षरं, शेवटी आ. आणि राशींच्या बाबतीत ग्रीक आपल्याला तसे परके कधीच नव्हते. होरा आणि केंद्र हे शब्द ग्रीकमधून आले आहेत. वराहमिहिराच्या बृहज्जातकात मेषेला क्रिय, वृषभेला तावुरि, सिंहेला लेय, कन्येला पाथोन अशी जी पर्यायी नावं आहेत, तीही ग्रीक राशीनावांचीच संस्कृत रूपं आहेत.

‘परकी नावं हवीत कशाला’ असं घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, तेव्हा आपल्या शेजारच्या नाशिकच्या पांडवलेण्यांकडे बोट दाखवावं. तिथल्या १७ क्रमांकाच्या लेण्याच्या शिलालेखात देणगीदार स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक म्हणवतो, आणि त्याचं नाव आहे इंद्राग्निदत्त, बापाचं धम्मदेव. म्हणजे यवनांनी इथली नावं घेतली होती. नावांची ही देवाणघेवाण दोन हजार वर्षांची आहे.

उच्चाराचं पाहू. जुन्या ग्रीकमधला थेटा हा वर्ण म्हणजे महाप्राण त, थेट आपला ‘थ’. याला पुरावा आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातल्या आगाथोक्लीस या इंडो-ग्रीक राजाच्या नाण्यांवर ब्राह्मी लिपीत ‘राजने अगथुक्लेयस’ असं कोरलेलं आहे. ग्रीक थेटासाठी त्या काळच्या कारागिराने ‘थ’ वापरला. पुढे ग्रीकमध्ये हा आवाज जीभ दातांत धरून काढायचा घर्षक झाला आणि इंग्रजीतही तोच राहिला. म्हणून इंग्रजी बोलणारा माणूस हे नाव ‘थॅलिया’, ‘थेलिया’ किंवा ‘तालिया’ असं कसंही म्हणेल. मराठी माणसाच्या तोंडचा ‘थालिया’ मात्र प्राचीन उच्चाराच्या जास्त जवळ आहे. इंग्रजी शाळेतल्या बाईंनी ‘थॅलिया’ म्हटलं म्हणून घरच्यांनी आपला उच्चार बदलू नये आणि मुलीच्या वहीवर दोन्ही रूपं चालवू नयेत.

लिहिताना ‘लि’ ऱ्हस्व. ऑस्ट्रेलिया, मलेरिया हे शब्द मराठीत जसे लिहितो, तसंच. ‘थालीया’ असं दीर्घ लिहिण्याची सवय आपल्याकडे आहे, ती इथे टाळावी, कारण संगणकाच्या दृष्टीने ‘थालिया’ आणि ‘थालीया’ ही दोन वेगळी माणसं आहेत. मराठी विभक्ती लावून पाहिलं तरी नाव अडखळत नाही: थालियाला, थालियाने, थालियाची, हाक मारताना थालिये, सुप्रियासारखंच चालतं. ही चाचणी प्रत्येक परक्या नावाला लावावी. डॅफ्नी, आयरिस, फीबी ही नावं अर्थाने छान आहेत, पण आजीच्या तोंडी ‘आयरिसनं’, ‘डॅफ्नीचं’ येताना जीभ अडते आणि महिनाभरात त्यांचं काहीतरी भलतंच होऊन बसतं.

दुसरी चाचणी चिडवण्याची. ‘थालिया’ला शाळेत ‘थाळी’ किंवा ‘थालीपीठ’ म्हणून चिडवणारी मुलं निघतील, हे आईबापांनी गृहीत धरावं. थाळी हा शब्द संस्कृत ‘स्थाली’वरून आला आहे, त्याचा या नावाशी संबंध नाही. गंमत अशी की अहिराणीत ळचा य होतो, सकाळची सकाय होते, थाळीचीही थायी. त्यामुळे अमळनेर-पारोळ्याच्या खेड्यात हा शब्द नावापासून जरा लांबच राहतो. जास्त चिकटेल तो शहरातल्या शाळेत. आमच्या मते एवढ्यासाठी नाव सोडू नये, पण घरात लाडाने ‘थाली’ म्हणायची सवय लावू नये. शेवटचं ‘लिया’ घ्यावं. काही ग्रीक नावं मात्र या चाचणीत खरोखर नापास होतात. ‘मेलानिया’चा मूळ अर्थ काळी, सावळी, त्यात काही वाईट नाही, पण मराठीत त्याची सुरुवात ‘मेला’ने होते आणि आपल्याकडे ती शिवी आहे. ‘कोरा’ म्हणजे ग्रीकमध्ये कुमारिका, मराठीत रिकामा कागद. पृथ्वीदेवता ‘गाइया’ हिंदी शेजाऱ्याच्या तोंडी गैया होते, म्हणजे गाय. पँडोराचा शब्दशः अर्थ ‘सर्व देणग्या मिळालेली’, पण कथेत तिच्याच हातून जगात संकटं सुटतात. अर्थाच्या रकान्यात यातलं काहीच नसतं, म्हणून कथा वाचूनच नाव घ्यावं.

यादीत ‘ग्रीक’ म्हटलेली सगळीच नावं ग्रीक नसतात. कियारा हे इटालियन ‘कियारा’वरून आलं, मूळ लॅटिन ‘क्लारा’, अर्थ उजळ, स्पष्ट. मायरा हे नाव इंग्लिश कवी फुल्क ग्रेव्हिल याने आपल्या कवितांसाठी घडवलं असं मानलं जातं. मायरा नावाचं प्राचीन शहर आजच्या तुर्कस्तानात होतं, त्याच्याशी या नावाची सांगड नंतर घातली गेली. नाव आवडलं असेल तर जरूर ठेवावं. पत्रिकेवर खोटं मूळ छापू नये, एवढंच.

लोकप्रियतेबद्दल लोक हमखास विचारतात: हे नाव किती मुलींचं आहे? आपल्या देशात लाखो जन्म नोंदले जातात, पण कोणतं नाव किती बाळांना ठेवलं याची सरकारी वार्षिक यादी आपल्याकडे निघत नाही. त्यामुळे ‘भारतात ४२वा क्रमांक’ असं काही कुठे दिसलं तर ते त्या ॲपवर किती जणांनी बोट टेकवलं याचं माप समजावं. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खातं १८८० पासूनच्या नावांची यादी देतं. त्यात एका वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना ठेवलेलं नाव येत नाही. इंग्लंड-वेल्सच्या यादीत ही मर्यादा तीनची आहे. या दोन्ही याद्यांत स्पेलिंग बदललं की नाव वेगळं मोजतात. थालियाची एच असलेली, नसलेली आणि ‘आय’नंतर वाय घातलेली रूपं निरनिराळ्या क्रमांकांवर सापडतात, आणि फक्त एकच रूप पाहणाऱ्याला नाव आहे त्यापेक्षा दुर्मीळ वाटतं. ग्रीक मूळ म्हणजे दुर्मीळ, असंही नाही. सोफिया हे ग्रीक नाव २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेत मुलींमध्ये पहिलं होतं.

स्पॅनिश बोलणाऱ्यांत हे नाव घरोघरी पोचलं ते मेक्सिकोची गायिका-अभिनेत्री थालिया हिच्यामुळे. १९९४ ची ‘मारिमार’ ही तिची मालिका अनेक देशांत दाखवली गेली. जर्मनीत हा शब्द नाट्यगृहाशी आणि पुस्तकांच्या दुकानांशी जोडलेला आहे. हॅम्बुर्गचं थालिया थिएटर १८४३ पासून आहे. खुद्द ग्रीसमध्ये मात्र मारिया, एलेनी, कॅटेरिना यांच्या मानाने थालिया कमी आढळते. कारण तिथली रीत. पहिल्या मुलीला आजीचं नाव देतात, आणि आज्यांची नावं बहुतेक ख्रिस्ती संतांची. तीच नावं फिरून फिरून येतात आणि प्राचीन देवतांची नावं मागे राहतात.

खान्देशात हे नाव किती आहे ते अंदाजायचं तर अंगणवाडीचं रजिस्टर आणि जिल्हा परिषद शाळेतला पहिलीचा पट पाहावा. मतदार यादी पाहून काही कळत नाही. तिच्यात आज दिसणारं नाव किमान १८ वर्षांपूर्वी ठेवलेलं असतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्या मुद्द्यावर येतो: नोंद.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ती दवाखानाच देतो. त्या वेळी नावाचा रकाना बहुतेक रिकामा असतो आणि तो रिकामा असण्यात काहीही गैर नाही. बारसं व्हायच्या आधी घाईघाईने नाव सांगून टाकू नये. कलम १४ नुसार नाव नंतर घालता येतं. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांत, तेही विनाशुल्क. लक्षात घ्या, जन्मतारखेपासून नव्हे, नोंदणीच्या तारखेपासून. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. पण २०२३ च्या सुधारणेनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना, मतदार नोंदणी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्म प्रमाणपत्र हाच जन्माचा पुरावा धरला जातो. म्हणून वर्षभराची सवलत ही विचार करण्यासाठी वापरावी, विसरून जाण्यासाठी नव्हे.

नाव कुठे घालायचं? जिथे जन्म झाला त्या ठिकाणच्या जन्म-मृत्यू नोंदणी निबंधकाकडे; राहत्या गावी नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त हेलपाटे इथे होतात. सासर शिरपूरचं, माहेर चोपड्याचं, बाळंतपण जळगावच्या दवाखान्यात, आणि नाव घालायला माणूस शिरपूर नगरपालिकेत उभा. गावात जन्म असेल तर ग्रामपंचायत, शहरात असेल तर नगरपालिका किंवा महापालिकेचा आरोग्य विभाग, काही सरकारी रुग्णालयांत तिथेच. डिस्चार्ज कार्डावर दवाखान्याचा पूर्ण पत्ता असतो, त्यावरून कार्यालय ठरवावं.

अर्ज देताना नाव तोंडी सांगू नये. एका कोऱ्या कागदावर देवनागरीत आणि रोमन मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक, सुटं सुटं लिहून न्यावं. खाली आई आणि वडील दोघांची सही असावी. कार्यालयात संगणकावर रोमन अक्षरं टाकली की देवनागरी रूप बऱ्याचदा आपोआप तयार होतं, आणि तिथेच घोटाळा होतो. रोमन लिपी थ आणि ठ यांत फरक करत नाही, अ आणि आ यांतही करत नाही. एकाच रोमन नावातून थालिया, थलिया, ठालिया यातलं काहीही उतरू शकतं. म्हणून प्रमाणपत्र छापण्याआधी पडद्यावरची नोंद स्वतः वाचायला मागावी, मराठी ओळ आणि इंग्रजी ओळ दोन्ही. बहुतेक कर्मचारी आनंदाने दाखवतात. दोन मिनिटांचं काम आहे.

रोमन स्पेलिंग कोणतं घ्यावं? जगभर रूढ आहे ते टी-एच-ए-एल-आय-ए, आणि आमचा कौल त्यालाच आहे. ‘आय’नंतर वाय घातला तर मराठी वाचणाऱ्याला बरं वाटतं, चूकही म्हणता येणार नाही. पण अंकशास्त्राच्या नादाने दुहेरी ए किंवा शेवटी जादा एच लावू नये. मुलगी शिकायला-नोकरीला बाहेर पडली की प्रत्येक ऑनलाइन फॉर्मवर ती जादा अक्षरं गळतात आणि तिचं नाव जुळत नाही.

दुसऱ्या ग्रीक नावांबाबत एक तांत्रिक अडचण आहे. ॲग्नेस, ॲनास्तासिया यांतला पहिला वर्ण संगणकावर दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ॲ’ हे एकच अक्षर असतं, दुसऱ्यात ‘अ’वर चंद्र वेगळा बसवलेला. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक दुसऱ्याशी जुळत नाही. नुक्त्याचंही तसंच. झोईसाठी ‘ज’खाली नुक्ता देणं ही हिंदीची पद्धत, मराठीत झ लिहावा आणि सगळीकडे झच ठेवावा. ‘क्सेनिया’सारखी जोडाक्षरं जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना फुटतात, त्यापेक्षा ‘झेनिया’ हे रूप सोपं.

एकदा नाव चढल्यावर चूक सापडली तर कलम १५ खाली दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात नोंद करतात. लेखनातली चूक असेल तर निबंधक चौकशी करून ती दुरुस्त करतात. आशयातली असेल तर माहितगार अशा दोन विश्वासू व्यक्तींचं घोषणापत्र लागतं. पण ‘थालिया’ काढून ‘स्वरा’ करा, ही दुरुस्ती नव्हे. ते नाव बदलणं झालं, आणि त्याचा रस्ता राजपत्राचा, म्हणजे गॅझेटचा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एकदा चढलेलं नाव शिक्षण विभागाच्या मंजुरीशिवाय बदलत नाही. आधारमध्ये नावाची दुरुस्ती आयुष्यात दोनदाच करता येते. आणि आता ‘अपार’ या विद्यार्थ्याच्या कायमच्या शैक्षणिक ओळख क्रमांकासाठी शाळेतलं नाव व आधारवरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं, म्हणून पहिलीतच ही विसंगती उघडी पडते. क्रम असा ठेवावा: आधी जन्म प्रमाणपत्रावर नाव, त्यावरून बाल आधार, त्या दोन्हींवरून शाळाप्रवेश. पावती घेताना आधारच्या मराठी ओळीतलं नावही वाचावं.

आणखी एक बदल लक्षात असू द्या. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांची नावं शासकीय दस्तऐवजांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायची आहेत. चार शब्दांच्या या ओळीत बाळाचं नाव जोडनाव असेल तर फॉर्मच्या चौकटी पुरत नाहीत. तेव्हा ‘थालिया’ला आणखी एक नाव जोडून ठेवू नये. राशीचं नाव घरच्या पत्रिकेत राहू द्यावं. आईचं नावही तिच्या आधारवर जसं आहे तसंच लिहावं. लग्नाआधीचं एकीकडे, नंतरचं दुसरीकडे असं असेल तर आधी तिचे कागद एक करावेत.

शेवटी सुरतकरांसाठी. उधना, लिंबायत या भागांत खान्देशातली हजारो कुटुंबं आहेत आणि त्यांच्या मुलींचे जन्म तिथेच नोंदले जातात. प्रमाणपत्र गुजराती आणि इंग्रजीत मिळतं, मराठी ओळ नसतेच. बऱ्हाणपूरकडे जन्म झाला तर ती हिंदीत. अशा मुलीला नंतर धुळ्यात किंवा नंदुरबारला शाळेत घालताना देवनागरी नाव कोणीतरी इंग्रजीवरून अंदाजाने उतरवतो. प्रवेशाच्या दिवशी पालकांनी मराठीतलं रूप स्वतः लिहून द्यावं, आईवडिलांच्या सहीने, आणि त्याची एक प्रत शिक्क्यासह आपल्याकडे ठेवावी. तालुक्याच्या ठिकाणी निबंधक कार्यालयांनी नाव घालण्याच्या अर्जावरच देवनागरी आणि रोमन असे दोन रकाने, प्रत्येक अक्षराला एक चौकट अशा स्वरूपात छापले आणि छापण्याआधी पालकांची ‘वाचले’ अशी सही घेतली, तर यातले बहुतेक अर्ज दुरुस्तीसाठी परत येणार नाहीत. आपल्या दैनिकाने ही सूचना तिन्ही जिल्हा परिषदांपर्यंत पोचवावी, ही विनंती.

आपले,
जन्मनोंदणी आणि भाषा-अध्यापन या क्षेत्रांतील दोन वाचक,
अमळनेर, जि. जळगाव
(नावे प्रसिद्ध करू नयेत.)